पाढे म्हणत पळणारी

जिन्यातून आधी सत्तावीसचा पाढा वर आला, मग ती.

माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आळेफाट्याला, एका टायरच्या दुकानाच्या वर. जिना लोखंडी आणि उभाच्या उभा. जागा बघताना पाटी नाशिक आणि नगर, दोन्हीकडच्या एसटीतून दिसेल का, एवढंच मी पाहिलं होतं. पाय मोडलेली माणसं वर कशी चढणार हे डोक्यात आलंच नव्हतं. ती चढली तिच्या पद्धतीनं. जिन्याकडे पाठ करून, पायरीवर बसून, हातांच्या रेट्यानं एकेक पायरी मागे सरकत. ‘सत्तावीस एके सत्तावीस, सत्तावीस दुणे चोपन्न...’ खालच्या पायरीवर तिचा नवरा, एका काखेत तिच्या कुबड्या आणि दुसऱ्या कडेवर लहान मुलगी. वर पोचल्यावर ती तिथंच फरशीवर बसून राहिली आणि मान मागे टाकून माझ्याकडे उलटं बघत म्हणाली, “पायवाल्या मॅडम तुमीच का?”

“हो.”

“मग ह्यो डावा बघा. धाकटी जाऊबाई रुसल्यात. थोरली गुणाची हाय, ती काय तक्रार करत न्हाई.”

तिच्या दोन पायांना ती थोरली आणि धाकटी जाऊ म्हणायची, हे मला तेव्हा कळलं. माणूस मात्र मी आधीच ओळखलं होतं. पिंपळवंडीपासून नारायणगावापर्यंत पहाटे पिकाला पाणी धरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, पाढे म्हणत पळणारी बाई त्याला माहीत असायची.

आमचा सगळा मुलूख उसाचा आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. पहाटे एकट्यानं उसाच्या कडेनं जायचं तर बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा, असं वनखात्याची माणसं गावोगाव सांगत फिरतात. तिनं पाढे धरले. गाणी का नाही म्हणत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “गाणं म्हणलं की लाज वाटती, आन् लाज वाटली की दम लागतो. पाढ्याला कसली लाज?” मग पहाटेच्या अंधारात उसाच्या दोन भिंतींमधून तिचा खणखणीत आवाज यायचा. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. एकदा आतून कुणीतरी ओरडलं, “बाई, एकोणतीस साती चुकलं!” ती घाबरून थांबली, मग पाणी धरणारा माणूस आहे हे कळल्यावर तिथंच उभी राहून तो पाढा पहिल्यापासून म्हणून दाखवला आणि पुढे गेली. बिबट्या तिला एकदाच दिसला. “लांबनं गेला. त्यालाबी शाळंची आठवण झाली असंल.”

घरचा धंदा रोपवाटिकेचा. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये रोपांचे ट्रे, आणि ते पोचवायला नवऱ्याची पिकअप. शेडच्या पलीकडे त्यांचा स्वतःचा टोमॅटोचा तुकडा होता, आणि त्या तुकड्यात बांबूंना बांधलेल्या तारेवर तिची मेडलं टांगलेली असायची. पुणे, लोणावळा, सातारा, कुठकुठल्या लांब शर्यतींची. वाऱ्यानं ती फिरायची, ऊन पडलं की चमकायची आणि पाखरं यायची नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हळहळ वाटली. ती म्हणाली, “भिंतीला लावून काय करू? भिंतीला पाखरं येत्यात का?”

पळण्याबद्दल तिला कुणी विचारलेलं आवडायचं नाही. वर्तमानपत्रातला एकजण मुलाखतीला आला होता. आई होऊनही तुम्ही एवढं सगळं कसं जमवता, असं त्यानं विचारलं. तिनं त्याला मिरचीचे ट्रे उचलायला लावले आणि सगळे गाडीत भरून झाल्यावर म्हणाली, “आसं जमवते.” माझ्याकडेही ती सुरुवातीला पाढ्यांपलीकडे फारसं बोलायची नाही. फक्त मांडीला शेक दिलेला असला आणि चिऊ, म्हणजे तिची मुलगी, कोपऱ्यात माझ्या मोठ्या रबरी चेंडूवर पालथी पडून झोपलेली असली, की आपणहून सुरू व्हायची. तिची बरीचशी गोष्ट मला त्या शेकाच्या वेळात कळली.

चिऊ झाली तेव्हा तिला काहीतरी झालं होतं. काय, ते तिला तेव्हा सांगता येत नव्हतं आणि घरात कुणी विचारतही नव्हतं. पोर चांगली होती, दूध होतं, नवरा बरा होता. पण चिऊ रडायला लागली की हिला वाटायचं, आपण भिंत आहोत आणि भिंतीवर कुणीतरी डोकं आपटतंय.

“मला तिला आपटावं वाटायचं न्हाई, मॅडम. मला मलाच कुठंतरी टाकून यावं वाटायचं. हिरीकडं जायला मी भ्यायची. पाण्याला भीत न्हवते. माझी मलाच भ्यायची.”

एका पहाटे पोर रडत असताना तिनं ती सासूच्या मांडीवर ठेवली आणि बाहेर पडली. पायात चपला, अंगात गाऊन, वर टॉवेल गुंडाळलेला. पाटाच्या रस्त्यानं चालत सुटली. आणि कुठंतरी, कधी ते तिलाही कळलं नाही, ती पळत होती. शाळेत असताना ती पळायची. तालुक्याला नंबर आला होता. मग दहावी, मग लग्न, आणि तो विषय संपला होता. पळता पळता चपला हातात घेतल्या. परत आली तेव्हा अंगणात उजेड होता. सासू पोरीला घेऊन ओट्यावर बसली होती.  दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला उठून तिनंच पोर उचलून घेतली, दाराची कडी काढली आणि म्हणाली, “जा.”

या सासूबाईंना ती ‘आत्या’ म्हणायची. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. आता शेती आणि रोपवाटिका असली तरी आत्यांनी थोडी मेंढरं ठेवली होती. मेंढरांशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं. तरुणपणी दर दिवाळीनंतर त्या कळपामागून माळशेज उतरून कोकणात जायच्या आणि पावसाच्या आधी परत चढायच्या. सुनेला त्यांनी पळू दिलं, पण पळणं त्यांना कधी पटलं नाही. “मागं मेंढरू न्हाई, म्होरं कुरण न्हाई, मंग ही पळती कशापायी?” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. आणि ती परत यायच्या वेळेला चुलीवर नाचणीची पेज ठेवायच्या.

पळणं वाढत गेलं. पाटापासून चाळकवाडीपर्यंत, मग नारायणगाव, मग थेट खोडद. कुणीतरी तिला शर्यतीला नेलं, मग ती आपली आपण जायला लागली. डोंगरातल्या लांबच्या शर्यती तिला जास्त आवडायच्या, कारण तिथं लोक कमी बोलतात. आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणाच्या बाजूच्या डोंगरात अशीच एक शर्यत होती. तेव्हा चिऊ अंगावर पीत होती. निम्म्या वाटेवर, जिथं पाणी आणि केळी ठेवली होती, तिथं नवऱ्यानं पिकअप लावली. ती आली, गाडीच्या मागच्या फळीवर रोपांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये बसली, नवऱ्यानं चादर धरली आणि तिनं पोरीला पाजायला घेतलं. बाकीच्या बाया पाणी पिऊन पुढे जात होत्या. केळी वाटणारा एक तरुण कळवळून म्हणाला, “ताई, तुमचा नंबर चांगला होता हो. चाललाय सगळा.”

“जाऊ दे की. हिचं अर्धंच पोट भरून मी उठले, तर मला एका अंगाला भार हुईल. वाकडी पळंन.”

दोन्ही बाजूंनी पाजून, पोरीला ढेकर काढून ती उठली आणि पळाली. हा प्रसंग तिनं नाही, तिच्या नवऱ्यानं मला सांगितला. तो फार कमी बोलणारा माणूस. ‘बरं’ हा त्याचा आवडता शब्द. पण हे सांगताना त्यानं दोन्ही हात वर करून चादर कशी धरली होती तेही दाखवलं.

पुढच्या वर्षी त्याच डोंगरात तिचा पाय गेला. पडली नाही, ठेच लागली नाही. जांघेत बरेच दिवस दुखत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. उतारावर पाय टाकला आणि तो पाय तिचा राहिला नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला, खुब्याजवळ, आधीच बारीक चीर होती. ती पुरती गेली. दोन माणसांनी उचलून खाली आणली. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले. सर्जननं सांगितलं ते सरळ होतं: पोर अंगावर पितेय, स्वतःच्या पोटात पुरेसं जात नाही, आणि त्यावर एवढं पळणं, हाड थकलं.

गावानं सांगितलं ते वेगळं होतं. माझ्याच बाकावर बसून एक बाई दुसरीला म्हणाली, “तान्ही पोर टाकून डोंगर हिंडायची. भोग म्हणायचं.” ती स्वतः आत पडद्यामागे पाय वर करून पडली होती. ऐकलं तिनं. पाढा म्हणता म्हणता थांबली आणि मला विचारलं, “मी कुठं व्हते, मॅडम?”

“बावीस सक.”

“हां. बावीस सक बत्तीसासे,” म्हणाली आणि पुढे गेली.

पेशंट म्हणून ती अवघड होती. व्यायाम मोजायला तिला आवडायचं नाही. “आकडं पाढ्याला. व्यायामाला गावं.” डोळे मिटून पाय उचलायची आणि मनातल्या मनात रस्त्यानं जायची. “घर सोडलं. आता पूल. आता शाळा.” मी टाच धरून बसलेली. मधेच पाय हवेत थांबायचा.

“काय झालं?”

“कुत्रं हाय वाटंत. जाऊ द्या त्याला.”

कुत्रं जाईपर्यंत मीही तिची टाच धरून थांबायची. हसू यायचं, पण ती हसत नसायची. बघता बघता तिचा पाय नारायणगावापर्यंत जायला लागला. डिंभ्याच्या शर्यतीत परत उतरायचं आणि जिथं पाय मोडला तिथून पुढचा रस्ता पुरा करायचा, हे तिनं पहिल्याच भेटीत जाहीर केलं होतं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही.

मग तो दिवस आला. पायावर थोडासा भार द्यायला परवानगी होती, तोही कुबड्या धरून. व्यायाम आटोपून ती जिना उतरली, तशीच बसून बसून, आणि टायरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर नवऱ्याची वाट बघत बसली. तो समोर पंपावर डिझेल भरायला गेला होता. चिऊ दुकानाच्या पायरीशी स्कूटरचा जुना टायर घेऊन खेळत होती. मी वर खिडकीत उभी होते. टायर चिऊच्या हातातून सुटला आणि उतारानं रस्त्याकडे निघाला. चिऊ त्याच्या मागे.

नाशिककडून कांद्यानं भरलेला ट्रक येत होता.

मी खिडकीतून ओरडले. तिनं कुबड्या फेकल्या. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं, डाव्या पायाचं, आणि ती तोंडावर आपटली. तिच्या अंगावरून उडी टाकून टायरवाले काका धावले आणि चिऊला दंडाला धरून मागे ओढलं. टायर ट्रकखाली गेला, ट्रक निघून गेला. चिऊ टायरसाठी भोकाड पसरून रडायला लागली. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. ती पालथीच पडली होती, एक हात पुढे, रस्त्याच्या दिशेनं, बोटं ताणलेली.

लगेच एक्स-रे काढला. हाड जागच्या जागी होतं, स्क्रू हलले नव्हते. मी आनंदानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, जशी कुणी दुसऱ्या गावातली बातमी ऐकावी.

त्यानंतर ती आली नाही. पुढच्या वेळीही नाही. तिच्या नवऱ्याची गाडी एकदा खाली थांबली, तो वर आला आणि दारात उभा राहून म्हणाला, “ती उठत न्हाई.” एवढंच. ‘बरं’सुद्धा म्हणाला नाही.

रविवारी मी पिंपळवंडीला गेले. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. चिऊ पलंगाखाली तिच्या पळायच्या बुटांत रोपांची माती भरत बसली होती. मी स्टूल ओढून बसले. हाड चांगलं आहे, स्नायू सुटताहेत, आता थांबलात तर पाय आखडेल, असं जे सांगायचं असतं ते सगळं सांगितलं. ती भिंतीशीच बोलली.

“मॅडम, माझी पोर टायरवाल्यानं धरली. मी तिथं व्हते, आन् टायरवाल्यानं धरली.”

“तुमचा पाय मोडलेला होता, ताई.”

“कशापायी मोडला व्हता?”

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

“डोंगर चढायची तर लोकं टाळ्या वाजवायची. आन् माझ्या पोरीपतुर मला पोचता आलं न्हाई. मला शर्यत नको आता. काय नको.” मग अगदी हळू म्हणाली, “पयल्यासारखं व्हायला लागलंय, मॅडम. चिऊच्या टायमाला झालं व्हतं तसं.”

हे मात्र मी सोडणार नव्हते. जुन्नरला या दुखण्याच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः घेऊन जाईन, म्हणाले. ती ‘हां’ म्हणाली नाही, पण ‘न्हाई’ही म्हणाली नाही. दारात आत्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळलं नव्हतं. डोईवर पदर, हातात काठी.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “मेंढरं सोडायची हायेत.”

ती वळली. “आत्या, मला चालता येत न्हाई.”

“मेंढराला कुठं घाई हाय? तोंडात पडंल तितकं खायाचं आन् म्होरं सरकायचं. माझं गुडघं गेल्यात. पोरीला मी बघते, मेंढरं तू ने.”

मी घाईनं मध्ये पडले. खडबडीत रान, ढेकळं, चढ-उतार. पाय मुरगळला तर सगळं मुसळ केरात. आत्या माझ्याकडे वळल्या. “मंग कुठनं न्यायची ते तुमी सांगा. तुमी म्हणाल तिथनं नील ती.”

मी विचार केला. पाटाच्या कडेचा मुरमाचा रस्ता सपाट होता. कुबड्या दोन्ही, बूट घालायचे, आणि पुलाच्या पलीकडे जायचं नाही. आत्यांनी मान डोलावली. चिऊनं आईच्या बुटांतली माती नाराजीनं पलंगाखाली ओतली. ती उठून बसली. आनंदानं वगैरे नाही. आत्यांच्या शब्दापुढे त्या घरात कुणाचं चालत नव्हतं, म्हणून बसली.

जाताना आत्यांनी मला ओट्यावर थांबवून चहा दिला. म्हणाल्या, “हिचा नवरा पाळण्यात व्हता तवा मी त्याला घोड्यावर बांधून माळशेज उतरले. पायाला कुरूप, लंगडत. मला कोण नावं ठिवायचं न्हाई, पोरी. समद्याच बाया तशा व्हत्या, समद्यांच्या कडंवर पोरं व्हती. ही एकटीच हाय, म्हणून बोलत्यात.” आणि जरा थांबून, “पर तसं एकटं पळू ने मानसानं.”

मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरवड्याला बोलायला जायचं ठरलं. आणि मेंढरं सुरू झाली. एका संध्याकाळी बघायला गेले. पाटाच्या कडेला मेंढरं माना खाली घालून चरत होती आणि ती त्यांच्या मागे, कुबड्यांवर, अत्यंत वैतागलेली.

“मॅडम, ही जनावरं एका जागी किती येळ खात्यात! जीव जायची पाळी आली माझा.”

पण मी तिचा पाय बघत होते. मेंढरू सरकलं की एक पाऊल, थांबलं की उभं राहायचं, भार इकडचा तिकडं करायचा, एखादं उसात शिरायला लागलं की वळायचं. माझ्या दवाखान्यात ह्यासाठी मला तिच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या असत्या. रस्त्यानं जाणारी माणसं थांबत होती. पाय कसाय, पोर कशीय, मिरचीची रोपं कधी मिळतील. दवाखान्याच्या बाकावर ‘भोग’ म्हणालेली बाईही थांबली आणि बांधावरचं गवत खुशाल चारा म्हणाली. ती गेल्यावर ही मला म्हणाली, “पळायची तवा लोकं नुसता हात करायची. आता थांबत्यात. बोलत्यात. लई बोलत्यात. लवकर पळायला लावा मला.”

तेव्हा मला कळलं की ती वाचली.

पुढं परत पळाली का, असं तिच्याबद्दल सांगितलं की लोक मला विचारतात. पळाली. पुष्कळ उशिरानं, डिंभ्याच्या त्याच डोंगरात, आणि शेवटून पहिली आली. मांडव सोडत होते, खुर्च्या टेम्पोत भरून झाल्या होत्या. संयोजकांना मेडल कुठल्या खोक्यात टाकलं ते सापडेना. राहू दे, म्हणाले, पाठवून देऊ. तिनं ऐकलं नाही. खोकी उघडायला लावली, कारण वांग्यांच्या वाफ्याला एक कमी पडत होतं. हेही मला तिच्या नवऱ्याकडूनच कळलं. मी तिथं नव्हते. तिचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे ती शर्यत येत नाही. मला खोडदचा रस्ता आठवतो.

हाड भरलं होतं. सर्जननं होकार दिला होता. पहिल्यांदा पळवून बघायला मी खोडदच्या बाजूचा एक सरळ, रिकामा रस्ता निवडला. लांब शेतांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. सकाळची वेळ होती, कांद्याच्या शेतात तुषार सिंचन चालू होतं. तिचा नवरा पिकअप बाजूला लावून बसला होता आणि चिऊ माझ्या ओढणीशी चाळा करत होती. मी तिला पुढची एक बाभळ दाखवली. “तिथपर्यंत. हळू. मी बास म्हणाले की थांबायचं.”

ती उभी राहिली. उभीच राहिली. पाढा नाही, काही नाही.

“मॅडम, भ्या वाटतंय.”

“हाड आता नाही मोडायचं, ताई.”

“मोडायचं न्हाई ओ.” तिनं ओठ चावला. “पळून बघितलं, आन् पयलं वाटायचं तसं वाटलंच न्हाई तर? मंग मी कुठं जाऊ?”

 मी तिच्या शेजारी नुसती उभी राहिले. कांद्यावर पाणी फिरत होतं. नवऱ्यानं गाडीतून एकदा मान बाहेर काढली आणि आत घेतली.

आमचं हे चाललेलं असताना चिऊ कंटाळली. तिनं माझी ओढणी सोडली आणि रस्त्यानं पळत सुटली. कशाच्याही मागे नाही. नुसतीच, दोन्ही हात पसरून.

“चिऊ, थांब!”

चिऊ कशाला थांबते!

आणि मग आई निघाली. सुंदर वगैरे काही नव्हतं त्यात. एक खांदा खाली, डावा पाय फरफटल्यासारखा, बूट डांबरावर फटफट वाजणारा. माझ्या तोंडात सगळ्या सूचना आल्या आणि राहिल्या. रस्ता रिकामा होता, कुठून काही येत नव्हतं, तरी ती जीव खाऊन धावत होती. बाभळीच्या अलीकडे तिनं चिऊला गाठलं आणि मागून फ्रॉक मुठीत धरला.

चिऊ किंचाळली. “सोड! धरू नको मला! मी पळतीय ना!”

ती वाकून उभी राहिली, धापा टाकत, मूठ आवळलेली. तिनं रस्त्याच्या पुढे पाहिलं. मागे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तिला कसं वाटलं, पहिल्यासारखं की वेगळं, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते, पण ती ते सांगायला थांबली नाही. तिनं मूठ उघडली.

चिऊ सुटली. आणि तिच्या मागून, हात पोचेल एवढंच अंतर ठेवून, ती. बाभळ आली, बाभळ गेली. मी बास म्हणाले नाही.